नोंदयंत्राने पाऱ्याच्या वर जाऊ नये

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमसंग्रहात 113 क्रमांकाचा एक भाग आहे. हवाबंद डब्यात भरून तापवलेले, आंबटपणा कमी असलेले पदार्थ हा त्याचा विषय: वाटाणा, मका, मासे, बटाट्याचे सूप. 16 मार्च 1979 रोजी या भागाला जे रूप मिळाले, त्यात रिटॉर्टवरच्या उपकरणांचे एक कलम आहे. रिटॉर्ट म्हणजे भरलेले डबे वाफेच्या दाबाखाली तापवण्याचे जाड पोलादी भांडे. त्यावर तापमान दाखवणारी दोन साधने हवीत असे कलम सांगते. एक काचेच्या नळीतला पाऱ्याचा थर्मामीटर आणि दुसरे फिरत्या कागदी चार्टवर पेनाने रेघ ओढणारे नोंदयंत्र. नोंदयंत्र पाऱ्याशी शक्य तितके जुळवून घ्यावे, पण कोणत्याही परिस्थितीत त्याचा आकडा पाऱ्याच्या आकड्याहून वर असू नये. थोडा खाली असला तर हरकत नाही.

मोजमापाच्या नियमांत चुकीची मुभा बहुधा अधिक-उणे अशी दोन्ही बाजूंना सारखी दिलेली असते. इथे ती एकाच बाजूला आहे. शिवाय दोन साधनांत तंटा झाला तर खरे कोण, हेही लिहून ठेवले आहे: संदर्भसाधन पाऱ्याचा थर्मामीटर, चार्ट नव्हे. इतका ठाम एकतर्फीपणा कायद्याच्या भाषेत सहज येत नाही. तो कुठून आला हे शोधायचे तर सरकारी साथ-अहवाल, डबाबंद मालाच्या कारखानदारांच्या संघटनेची प्रयोगपत्रके, दोन-तीन शोधनिबंध आणि खुद्द नियमांच्या लागोपाठच्या आवृत्त्या असे कागद एकमेकांशेजारी ठेवून वाचावे लागतात.

पहिला कागद डिसेंबर 1919 चा. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेच्या साप्ताहिकात चार्ल्स आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा अहवाल छापून आला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ओहायो राज्यातल्या कँटन गावाजवळ एका क्लबात मेजवानी झाली होती. तिच्यानंतर 14 जण आजारी पडले आणि 7 दगावले. संशय कॅलिफोर्नियाहून आलेल्या, काचेच्या बरणीतल्या पिकलेल्या ऑलिव्हवर स्थिरावला. दोष बॉट्युलिझमच्या जिवाणूचा होता. हा जिवाणू तेव्हा नवा नव्हता. बेल्जियमच्या व्हॅन एर्मेन्गेमने तो 1895 च्या एका घटनेतून, खारवलेल्या हॅमचे जेवण जेवलेल्या वादकांच्या आजारातून, वेगळा काढला होता. म्हणजे शत्रू कोण हे कँटनच्या आधी जवळजवळ पंचवीस वर्षे माहीत होते.

माहीत नव्हते ते बरणीच्या आतले तापमान. या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत. हवा नसलेल्या, आंबटपणा नसलेल्या पदार्थात ते रुजतात आणि विष तयार करतात. विष स्वतः मात्र उकळीने नष्ट होते, त्यामुळे घरी पुन्हा उकळलेली भाजी सहसा वाचवते. ऑलिव्ह गार खातात. त्यातून ते काचेत भरलेले. काचेच्या बरण्या उकळीपलीकडे, वाफेच्या दाबाखाली तापवणे त्या काळात अवघड होते, आणि फार तापवले तर ऑलिव्ह मऊ पडतो ही व्यापाऱ्याची तक्रार वेगळीच.

1920 मध्ये कॅलिफोर्नियाच्या आरोग्य मंडळाने पिकलेल्या ऑलिव्हसाठी हुकूम काढला: 240 अंश फॅरनहाइट, 40 मिनिटे. आज आपल्या हाती असलेल्या सूत्राने हिशेब केला, आणि आतला माल लगेच 240 ला पोचला असे धरले, तर ही मात्रा 250 अंशांवरच्या सुमारे 11 मिनिटांएवढी भरते. पुढे जे किमान ठरले त्याच्या चौपटीच्या आसपास. मंडळाकडे तेव्हा ते सूत्र नव्हते आणि बीजाणूंचे आकडेही छापून झालेले नव्हते. मोजता येत नव्हते म्हणून त्यांनी भरपूर तापवायला सांगितले, आणि माझ्या मते त्या घडीला दुसरे काही करण्याजोगे नव्हतेच.

डब्याच्या आत डोकावण्याचे प्रयत्न मात्र याआधी सुरू झाले होते. बोस्टनमध्ये सॅम्युएल प्रेस्कॉट आणि विल्यम लायमन अंडरवूड या दोघांनी 1895 पासून बिघडलेल्या डब्यांचा अभ्यास केला. त्यांनी कमाल तापमानाची खूण धरून ठेवणारे थर्मामीटर डब्याच्या पोटात ठेवून पाहिले. रिटॉर्ट तापला म्हणजे डब्याचा मध्य तापला असे नाही, मक्यासारख्या घट्ट मालात उष्णता फार सावकाश शिरते, ही गोष्ट त्यांनी पुढे आणली. कमाल थर्मामीटर किती चढला एवढेच सांगतो, केव्हा चढला ते सांगत नाही. ती उणीव 1920 मध्ये भरून निघाली. राष्ट्रीय कॅनर्स संघटनेच्या वॉशिंग्टनमधल्या प्रयोगशाळेतून बिगेलो, बोहार्ट, रिचर्डसन आणि बॉल यांचे 16-एल क्रमांकाचे पत्रक निघाले. त्यात डब्याच्या मध्यावर थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या तारांचा जोड, बसवून मिनिटामिनिटाला तापमान टिपले होते. त्यावरून प्रक्रियेचा काळ गणिताने काढण्याची रीत बॉलने 1923 मध्ये आणखी पुढे नेली.

याच जागी दाब आणि तापमान यांचा घोटाळा समजून घ्यायला हवा, कारण नियमातला पाऱ्याचा मान त्यावर उभा आहे. घरचा कुकर सगळ्यांना ठाऊक आहे. झाकण लावल्यावर आधी नळीतून वाफ जोरात येऊ द्यायची, मग शिटी ठेवायची, असे त्याच्या सूचनापत्रात लिहिलेले असते. तसे न केल्यास आत हवा कोंडली जाते. कारखान्याच्या रिटॉर्टचेही तेच, फक्त चूक हजारो डब्यांची होते. शुद्ध वाफ असेल तर चौरस इंचाला 15 पौंड दाबाला तापमान 250 अंश फॅरनहाइट, म्हणजे 121 अंश सेल्सियस असते. पण आतल्या एकूण दाबात निम्मा वाटा हवेचा असेल, तर दाबमापकाचा काटा 15 वरच उभा राहील आणि डब्यांभोवतीचे तापमान जेमतेम उकळीएवढे, 213 अंशांच्या आसपास असेल. दाबमापक खोटे बोलत नाही. त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा असतो. म्हणून नियमात हवा बाहेर काढण्याचा क्रम, त्याची मिनिटे आणि अंश आधीच ठरवून ठेवायला सांगितले आहे. इतकेच नाही तर थर्मामीटरचा फुगा रिटॉर्टबाहेरच्या खोबणीत बसवला असेल, तर त्या खोबणीला निदान एक सोळांश इंचाचे भोक ठेवावे आणि प्रक्रिया चालू असेपर्यंत त्यातून वाफ सतत निघत राहावी, म्हणजे फुग्याभोवती हवा साचणार नाही, असाही दंडक आहे. ज्याने हे भोक नियमात लिहिले, त्याने कोंडलेल्या हवेने फसवलेला थर्मामीटर कधीतरी पाहिला असणार.

आता मुख्य कागद. कँटननंतर ऑलिव्हच्या आणखी घटना झाल्या, आणि कॅलिफोर्नियाचा सगळा धंदा बुडतो की काय अशी वेळ आली. कारखानदारांच्याच पैशातून एक संशोधन आयोग बसला: स्टॅनफर्डचे अर्नेस्ट डिक्सन, आरोग्य सेवेचे जे. सी. गायगर आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे कार्ल मायर. मायर मूळचे स्वित्झर्लंडच्या बाझेलचे, पशुवैद्य. त्यांच्याबरोबर कॅनर्स संघटनेकडून आलेले जे. आर. एस्टी काम करू लागले. या दोघांचा निबंध 1922 मध्ये संसर्गजन्य रोगांच्या नियतकालिकात आला. बीजाणू उष्णतेला किती काळ टिकतात, हा त्याचा विषय.

पद्धत साधी वाटते. बीजाणूंचे पाणी काचेच्या बारीक नळ्यांत भरायचे, नळ्या सील करायच्या, ठरावीक तापमानाच्या कुंडात बुडवायच्या, ठरावीक वेळाने एकेक काढायची आणि त्यात काही वाढते का ते पाहायचे. त्यांना आढळले की 100 अंश सेल्सियसला सर्वांत चिवट बीजाणू 330 मिनिटे तग धरू शकतात, म्हणजे साडेपाच तास. 120 अंशांना 4 मिनिटे. 250 अंश फॅरनहाइटचा जो आकडा पुढे सगळ्यांच्या तोंडी बसला तो 2.78 मिनिटांचा. 60 अब्ज बीजाणू मारायला लागणारा वेळ. पुढची पन्नास वर्षे डबाबंद अन्नाची सुरक्षितता या एका आकड्यावर टेकून होती.

आणि तो आकडा थोडा चुकलेला होता. 1938 मध्ये टाउन्सेंड, बॅसेल्ट आणि स्वतः एस्टी यांनी तो पुन्हा काढला. नळी कुंडात बुडवली त्या क्षणापासून घड्याळ चालू केले जात होते. पण काच आणि आतले पाणी कुंडाच्या तापमानाला पोचायला काही वेळ लागतो. तेवढा वेळ बीजाणू 250 अंशांत नव्हते, त्याहून कमी तापमानात होते. हा उशीर वजा केल्यावर 2.78 चे 2.45 झाले. फरक 0.33 मिनिटांचा, म्हणजे सुमारे 20 सेकंद.

या 20 सेकंदांवर थोडे थांबावेसे वाटते. पहिली गोष्ट, दुरुस्ती करणाऱ्यांत मूळ निबंधाचा एक कर्ता आहे. सोळा वर्षांनी आपल्याच आकड्याला हात घालायचा, तोही ज्यावर अख्खा उद्योग चालला आहे अशा आकड्याला, याची नोंद निबंधात कुठल्याही गाजावाज्याशिवाय होते. दुसरी गोष्ट अधिक कामाची. चूक कोणत्या बाजूची होती? बीजाणू प्रत्यक्षात 2.45 मिनिटांत मरत होते आणि कारखान्यांना 2.78 सांगितले गेले होते. म्हणजे सोळा वर्षे डबे जरा जास्तच तापले. कुणाचा जीव गेला नाही, फार तर वाटाणा थोडा जास्त शिजला. उद्योगानेही नवा आकडा हातात आल्यावर घाईने वेळ कमी केला नाही; व्यवहारात 3 मिनिटांचे किमान रूढ झाले.

उलट्या बाजूची चूक कशी असते ते त्याच अभ्यासातून निघालेल्या दुसऱ्या आकड्यावरून कळते. तापमान साधारण 18 अंश फॅरनहाइटने, म्हणजे 10 अंश सेल्सियसने, खाली आले की बीजाणू मरायला दसपट वेळ लागतो. हे वाक्य वाचायला निरुपद्रवी आहे. कागदावर मांडून पाहिले की त्याची धार कळते. तापमान 1 अंश फॅरनहाइटने कमी असेल तर मारकशक्ती सुमारे 12 टक्क्यांनी घटते. 2 अंशांनी कमी असेल तर 23 टक्क्यांनी. 5 अंशांनी कमी असेल तर जवळजवळ निम्मी होते. थर्मामीटर 250 दाखवतो आहे आणि आत 245 आहेत, अशा रिटॉर्टमधून निघालेल्या डब्यांना ठरलेल्या मात्रेच्या निम्मीच मात्रा मिळालेली असते. बाहेरून डबा तोच, लेबल तेच, आणि चार्टवरची रेघही 250 वरच.

पाऱ्याचा थर्मामीटर इतका विश्वासाचा, मग तोही चुकतो का? चुकतो, आणि दुर्दैवाने धोक्याच्याच बाजूला. याचा एक जुना आणि फार चिकाटीचा पुरावा एका मद्यकाराचा आहे. मँचेस्टरशेजारच्या सॅलफर्डमध्ये जेम्स प्रेस्कॉट जूल यांच्या घरची बिअरची भट्टी होती. उष्णता आणि कामाचे नाते सांगणारे जूल ते हेच. 1844 पासून 1882 पर्यंत, 38 वर्षे, त्यांनी एकच थर्मामीटर पुन्हा पुन्हा वितळत्या बर्फात बुडवून त्याचा शून्यबिंदू टिपला. शून्य हळूहळू वर सरकत होते. एकूण सरक जवळजवळ 1 अंश फॅरनहाइट. कारण काचेत आहे. तापवून फुंकलेला काचेचा फुगा गार झाल्यावरही वर्षानुवर्षे अतिशय सूक्ष्म आकसत राहतो, आतली जागा कमी होते आणि पारा नळीत वर ढकलला जातो. म्हणजे म्हातारा थर्मामीटर खऱ्यापेक्षा जास्त दाखवू लागतो. पुढे जर्मनीतल्या येना येथे निघालेल्या खास काचेने ही सरक बरीच कमी केली, पण नाहीशी केली नाही.

जूलचा तो एक अंश आणि एस्टी-मायरच्या सूत्रातले 12 टक्के एकत्र ठेवले की थर्मामीटरची वर्षातून एकदा तपासणी करा या भाग 113 मधल्या नियमाचे वजन कळते. नियमात जूलचे नाव नाही, असायचे कारणही नाही. पण तपासणीची रीत त्यांच्याच घराण्यातली आहे. आजही पाऱ्याच्या प्रमाणित थर्मामीटरचा बर्फबिंदू पाहिला जातो. तिथे जेवढी सरक दिसेल, तेवढीच सगळ्या पट्टीवर झाली असे धरता येते, कारण आकसला तो फुगा, नळीवरच्या खुणा नव्हेत.

मधली काही वर्षे झपाट्याने ओलांडता येतील. 1925 मध्ये कॅलिफोर्नियाने डबाबंदीच्या कारखान्यांची तपासणी सक्तीची करणारा कायदा केला. खर्च कारखानदारांनी सोसायचा, रिटॉर्टवर नोंद करणारा थर्मामीटर हवा. 1930 मध्ये कॅनर्स संघटनेने 26-एल पत्रक काढले. कोणत्या मालाला, कोणत्या मापाच्या डब्यात, किती अंशांवर किती मिनिटे, याचे ते कोष्टक. देशभर ते पाळले जाई, पण संघटनेची शिफारस म्हणून. कायद्याने बांधलेले नव्हते. पुढची चाळीस वर्षे हे जमून गेले, आणि जमून गेले म्हणून कुणी त्याला हात लावला नाही.

1971 च्या जूनअखेर न्यूयॉर्क राज्यात एका जोडप्याने व्हिशीस्वाझ या फ्रेंच नावाच्या बटाट्याच्या सूपचा डबा उघडला. हे सूप गारच पितात. चव बरी लागली नाही म्हणून त्यांनी थोडेच खाल्ले. तेवढ्याने नवरा गेला आणि बायकोला पक्षाघातासारखे दुखणे होऊन ती कशीबशी वाचली. सूप न्यू जर्सीतल्या न्यूअर्कच्या बॉन व्हिव्हान्त कंपनीचे. त्या घाण्यात 6,444 डबे निघाले होते. प्रशासनाने परत मागवलेल्यांपैकी पहिले 324 तपासले तेव्हा 5 डब्यांत विष सापडले. कंपनीच्या दुसऱ्या मालातही फुगलेले डबे निघाल्यावर सगळाच माल परत मागवला गेला, 7 जुलैला कारखाना बंद झाला आणि महिन्याच्या आत कंपनीने दिवाळे जाहीर केले. त्याच ऑगस्टमध्ये कॅम्पबेल या बड्या कंपनीला टेक्सासमधल्या आपल्या कारखान्याच्या चिकन-भाजी सूपमध्ये हेच विष सापडले आणि तिने माल मागे घेतला.

इथे 324 तले 5 हा आकडा मला 6,444 पेक्षा महत्त्वाचा वाटतो. एका घाण्यातले सगळे डबे बिघडले असते तर कारखान्यातच कळले असते. बहुतेक डबे चांगले आणि थोडे वाईट, अशी विभागणी जिथे उष्णता काठावर पडते तिथे होते. अशा वेळी तयार मालातले चार-सहा डबे फोडून चाचणी करणे हा दिलासा फसवा असतो. बॉन व्हिव्हान्तच्या घाण्यातले यदृच्छेने 10 डबे निवडले असते, तर त्या दराने दहाच्या दहा निर्दोष निघण्याची शक्यता 85 टक्क्यांच्या वर होती. तपासायचे ते डब्याला दिलेले तापमान आणि वेळ. आणि ते तपासायचे तर ज्याने मोजले ते साधन आधी तपासले पाहिजे.

24 जानेवारी 1973 ला नियम प्रसिद्ध झाले. कारखानदारांच्या संघटनेनेच त्यांची मागणी केली होती, हे ध्यानात घेण्याजोगे. शिफारस पाळणाऱ्यांना, न पाळणाऱ्याच्या चुकीने आपलाही धंदा बुडतो हे कळून चुकले होते. याच नियमांची 1979 ची सुधारलेली आवृत्ती म्हणजे सुरुवातीला सांगितलेला भाग 113. तो सलग वाचला तर प्रत्येक ओळीमागे कारखान्यातली एखादी पळवाट दिसते. पाऱ्याच्या थर्मामीटरवर 1 अंश फॅरनहाइट सहज वाचता आला पाहिजे. पट्टीच्या एका इंचात 17 अंशांपेक्षा जास्त कोंबायचे नाहीत. बसवताना एकदा आणि नंतर निदान वर्षातून एकदा प्रमाणित थर्मामीटरशी ताडून पाहायचे. तारीख, कोणते प्रमाण वापरले, कोणत्या रीतीने, कोणी, हे लिहून ठेवावे. पाऱ्याचा धागा तुटला असेल तर दुरुस्त किंवा बदली केल्याशिवाय रिटॉर्ट चालवायचा नाही.

नोंदयंत्राबद्दलचा संशय तर उघडच आहे. त्याचा पेन स्क्रूने वरखाली करता येतो. म्हणून अनधिकृत माणसाला ते फिरवता येऊ नये अशी तजवीज हवी: कुलूप, नाहीतर व्यवस्थापनाची ठळक सूचना. पाळीच्या माणसाने पाऱ्याचा आणि चार्टचा असे दोन्ही आकडे नोंदवहीत स्वतंत्र लिहायचे. चार्टवरची घड्याळाची वेळ वहीतल्या वेळेशी जुळली पाहिजे. आणि खिशातले किंवा मनगटी घड्याळ वेळ मोजायला समाधानकारक मानले जाणार नाही! भिंतीवरचे सर्वांना दिसणारे एकच घड्याळ सगळ्यांचे घड्याळ. पाळी संपल्यावर एका कामाच्या दिवसाच्या आत, माल बाहेर पडण्याआधी, जबाबदार माणसाने कागद पाहून सही-तारीख करायची.

आता एकतर्फी मुभेचा अर्थ उलगडतो. नोंदयंत्र खऱ्यापेक्षा कमी दाखवत असेल, तर माणूस वाफ वाढवील आणि माल जास्त शिजेल. 1922 च्या चुकीसारखी ही चूक. ते जास्त दाखवत असेल, तर माल कच्चा राहील आणि वर त्याच्या पक्केपणाचा लेखी पुरावाही तयार होईल. दुसऱ्या दिवशी सही करणाऱ्या माणसापुढे फक्त तोच कागद येतो. रिटॉर्ट तोवर गार झालेला असतो, त्याला काही विचारता येत नाही.

पाऱ्याचे राज्य 2011 पर्यंत टिकले. त्या वर्षी 3 मार्चला सुधारित नियम निघाले आणि वर्षभराने, मार्च 2012 मध्ये, लागू झाले. पाऱ्याच्या थर्मामीटरच्या जागी तापमान दाखवणारे साधन असा व्यापक शब्द आला. डिजिटल साधनांना वाट मोकळी झाली. अन्नाच्या कारखान्यात काच फुटून पारा सांडणे हे स्वतःच एक संकट, हे त्यामागचे उघड कारण. पण पाऱ्याची एक सोय गेली. तो बिघडला तर डोळ्यांना दिसतो: धागा तुटतो, नळी फुटते. इलेक्ट्रॉनिक साधन सरकते तेव्हा पडद्यावरचे आकडे पूर्वीइतकेच नीटनेटके असतात. म्हणून नव्या नियमात कागदाची मागणी वाढली. कोणत्या साधनाशी ताडले, ते साधन राष्ट्रीय मापनसंस्थेच्या प्रमाणाशी कोणत्या दुव्यांनी जोडलेले आहे, तपासणीत काय निघाले, आणि पुढची तपासणी केव्हा. नोंदयंत्राने संदर्भसाधनाच्या वर जायचे नाही, हे वाक्य मात्र जसेच्या तसे राहिले.

राष्ट्रीय मापनसंस्था अमेरिकेचीच हवी असे बंधन नाही, आणि इथे आपल्याकडच्या कारखान्यांचा संबंध येतो. भारतात ते स्थान दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे. महाराष्ट्रातून रिटॉर्ट पाऊचमधली पालक-पनीर किंवा डाळ अमेरिकेला पाठवायची असेल, तर रिटॉर्टवरच्या सेन्सरच्या कॅलिब्रेशन सर्टिफिकेटवर ही साखळी दिसावी लागते. कोकणातला हापूसचा डबाबंद रस या भागातून सुटतो, कारण भाग 113 ची सीमा 4.6 सामू ही आहे आणि आंब्याचा रस त्याहून आंबट असतो. त्या आंबटपणात बॉट्युलिझमचे बीजाणू रुजत नाहीत. पण मग सामू मोजणारे यंत्र बरोबर आहे का, हा प्रश्न त्याच्या दारात उभा राहतोच; त्याची तपासणी ज्ञात सामूच्या द्रावणांनी करावी लागते.

या इतिहासाच्या साधनांबद्दल एक गोष्ट उरते. भाग 113 प्रमाणे चार्ट आणि नोंदवह्या एक वर्ष कारखान्यात आणि पुढची दोन वर्षे सहज मिळतील अशा ठिकाणी ठेवायच्या असतात. तीन वर्षांनंतर त्या टाकायला हरकत नाही, आणि कारखानदार त्या टाकतात. गोदामाची जागा फुकट नसते. त्यामुळे जिथे काही घडले नाही अशा लाखो पाळ्यांचे चार्ट उरत नाहीत. 6,444 आणि 324 हे आकडे आपल्याला माहीत आहेत ते त्या घाण्यात माणूस मेला म्हणून.